बांधावरचा रेघांचा भुंगेरा : त्याची कुळी व त्याची ओळख



गेल्या काही पावसाळ्यांत आमचे शेतकी खात्याकडे वेगवेगळ्या गटांतून एकच तक्रार येत आहे. "साहेब, बांधावर पट्ट्यापट्ट्याचा किडा पडलाय. लाखानं हाय. हुमणीचीच पिलावळ दिसतीया. उसावर चढायच्या आत औषध सांगा." आमचे कर्मचारी जागेवर जाऊन पाहतात तो बांधावर गाजर गवताच्या नुसत्या काड्या उभ्या आणि त्या काड्यांना हे भुंगेरे चिकटलेले. एका गावी तर आम्ही पोचण्यापूर्वीच पंप फिरलेला होता. पाटाच्या कडेने किड्यांचा सडा पडला होता आणि सभासद मोठ्या समाधानाने तो दाखवत होते. मेले ते किडे उसाचे एक पानही कुरतडणारे नव्हते. खुरपणीला येणाऱ्या बायामाणसांच्या अंगाला ज्या गवताने खाज सुटते, पुरळ उठते, तेच गवत ते खात होते. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि पंधरा दिवसांत गवत पुन्हा पालवले.

हे सारे ओळख नसल्यामुळे घडले. म्हणून या अंकात उसाविषयी थोडे कमी आणि या भुंगेऱ्याविषयी थोडे जास्त लिहीत आहोत. काही मंडळी म्हणतील, भुंगेरा तो भुंगेरा, त्याचं नाव-गाव काय बघायचं? परंतु नाव-गाव न बघता आपण सोयरीक करत नाही, तसे वैरही करू नये, असे आमचे मत आहे.

आधी त्याच्या कुळीविषयी. कारखान्याच्या नोंदीत आपला ऊस कसा सापडतो? गट, मग गाव, मग सर्व्हे नंबर, मग सभासदाचे नाव. मोठ्या वाड्यातून लहान खोलीत जावे तसे आपण खाली खाली येतो. शास्त्रज्ञांनी सर्व प्राणिमात्रांची नोंद अशीच ठेवली आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. आपला हा किडा प्राणिसृष्टीतला, सांध्यासांध्यांचे पाय असलेल्या संधिपाद संघातला, कीटक वर्गातला. त्याचा गण ढालपंखी. या गणातल्या किड्यांचे पुढचे पंख उडण्याच्या कामाचे नसतात. ते टणक होऊन पाठीवर ढालीसारखे बसतात. उडायचे पातळ पंख त्या ढालींखाली घडी घालून ठेवलेले असतात. आपण ज्यांना भुंगेरे म्हणतो ते सारे या गणातले. हुमणीचा भुंगेरा, धान्यातला सोंडे किडा, शेणकिडा, मावा खाणारा ढालकिडा, सगळे एका गणात. तेव्हा "भुंगेरा आहे" एवढे म्हणणे म्हणजे "तालुक्यातला माणूस आहे" असे सांगण्यासारखे झाले. त्यावरून तो चोर की साव ते कळत नाही.

गणाच्या खाली कुल येते आणि इथे वाट फुटते. हुमणीचा भुंगेरा स्कॅराबिडी या कुळातला, शेणकिड्यांच्या भावकीतला. मावा खाणारे ढालकिडे कॉक्सिनेलिडी कुळातले. आणि आपला रेघांचा भुंगेरा क्रायसोमेलिडी, म्हणजे पानभुंगेऱ्यांच्या कुळातला. हे कुल फार मोठे आहे. जगभरात याच्या पस्तीस हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत व उष्ण कटिबंधात तर त्यांची रेलचेल आहे. नावाप्रमाणे बहुतेकांचे अन्न पाला. काकडी, भोपळा, दोडका यांची कोवळी पाने चाळणीसारखी करणारा नारिंगी-तांबडा भुंगेरा याच कुळातला. कोकणातल्या भातावर पडणारा काटेरी भुंगेराही याच कुळातला. म्हणजे भावकी काही फार नामांकित नव्हे. पण भावकीवरून माणसाची परीक्षा करू नये. या कुळातला एकेक किडा आपल्या ठरलेल्या पाल्यालाच तोंड लावतो, दुसरा पाला पुढे टाकला तरी उपाशी राहतो, असे पुष्कळदा दिसते. आपल्या या किड्याचे पुरते नाव झायगोग्रामा बायकलरेटा. मतदार यादीत आडनाव आधी आणि नाव मागून येते, तसेच शास्त्रीय नावात प्रजाती आधी व जाती मागून. झायगोग्रामा हे आडनाव ग्रीक भाषेतून घडले आहे. त्यातल्या झायगो शब्दाचे मूळ आणि आपल्या बैलाच्या मानेवरच्या 'जू' शब्दाचे मूळ एकच. ग्रामा म्हणजे रेघ वा अक्षर. जुवाला बैलांची जोडी असावी तशा जोडीजोडीच्या रेघा ज्याच्या पाठीवर, तो झायगोग्रामा. बायकलरेटा म्हणजे दोन रंगांचा. पॅलिस्टर नावाच्या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने १९५३ मध्ये मेक्सिकोतील नमुन्यांवरून हे नाव दिले. आपल्याकडे त्याला मेक्सिकन भुंगेरा म्हणतात ते त्यामुळेच.

मेक्सिकोचा किडा आपल्या बांधावर कसा, असे कोणी विचारील. त्याआधी मेक्सिकोचे गवत आपल्या बांधावर कसे, हे विचारले पाहिजे. गाजर गवत मूळचे त्याच बाजूचे. आपल्या राज्यात ते पुण्याच्या परिसरात दिसल्याची नोंद १९५६ मध्ये छापून आली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारण समजतात. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटक चांदणी. आल्यावर त्याने मुलूख काबीज केला, कारण त्याला खाणारा किडा मागे मेक्सिकोतच राहिला होता. जनावरे तोंड लावत नाहीत, नाइलाजाने खाल्ले तर दुधाला कडवटपणा येतो. एका मोठ्या झाडाला पंधरा हजारांपर्यंत बी धरते. म्हणून १९८३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत हा भुंगेरा मेक्सिकोहून आणण्यात आला. तेथे के. पी. जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या पिकांवर ठेवून त्याची परीक्षा केली आणि १९८४ मध्ये तो बेंगळुरू भागात बाहेर सोडला. ऑस्ट्रेलियात हाच किडा १९८० मध्ये सोडला गेला होता. पुढे तो आपल्या राज्यातही पसरला. काही ठिकाणी मुद्दाम सोडला, काही ठिकाणी आपला आपण उडत आला.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे येऊ. किडा हातात घ्या. तो चावत नाही, अंगाला काही होत नाही. पण ज्यांना गाजर गवताची खाज येते त्यांनी पाला हाताळताना पिशवी वा हातमोजा वापरावा.

आकार तुरीच्या दाण्याएवढा, लांबी पाच ते सहा मिलिमीटर. पाठ फुगीर, अंग गुळगुळीत व चकचकीत. डोके आणि त्याच्या मागचा मानेकडील भाग गडद तपकिरी, त्यात थोडी पिवळसर झाक. पाठीवरच्या दोन्ही ढाली सायीच्या किंवा फिकट पिवळ्या रंगाच्या आणि त्यांवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या गडद तपकिरी रेघा. या रेघा पट्टी लावून ओढलेल्या नाहीत, नागमोडी आहेत. दोन ढाली पाठीच्या मध्यावर मिळतात तेथे शिवण दिसते. शिवणीच्या डाव्या अंगाला जी नागमोड, तीच उजव्या अंगाला, आरशात पाहिल्यासारखी. हीच ती जुवाची जोडी. नुकताच मातीतून निघालेला किडा फिकट आणि मऊ असतो, एक-दोन दिवसांत रंग चढतो. त्यामुळे दहा किडे पाहिले तर रंगात थोडा उन्नीस-बीस फरक दिसेल, रेघांची ठेवण मात्र बदलत नाही. मादी नरापेक्षा थोडी मोठी.

रंगावर सगळा भरवसा ठेवू नये. बाजारात एकाच रंगाची दोन लुगडी वेगवेगळ्या पेठांची निघतात. म्हणून पाय आणि मिशा पाहायला शिकावे. आमच्या प्रत्येक गट कार्यालयात भिंग आहे, ते कपाटात ठेवण्यासाठी घेतलेले नाही. मिशा आधी पाहा. पानभुंगेऱ्याची मिशी दोऱ्यात मणी ओवल्यासारखी, बऱ्यापैकी लांब, टोकाकडे किंचित जाड. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची मिशी आखूड आणि टोकाला गदेसारखी फुगलेली. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशीला शेवटी पंख्यासारखी पाती असतात, ती मिटतात आणि उघडतात. हा पंखा दिसला की तो हुमणीच्या भावकीतला, पुढे तपासायची गरज नाही.

मग पाऊल. उसाला जशी पेरे, तशी किड्याच्या पावलालाही पेरे असतात. पानभुंगेऱ्याच्या पावलात मोजायला गेलात तर चार भरतील. खरी असतात पाच. तिसरे पेर टोकाला दुभंगलेले असते आणि त्या खाचेत चौथे बारीक पेर दडून बसलेले असते, म्हणून ते मोजणीत येत नाही. ढालकिड्याच्या पावलात तीनच दिसतात, कारण त्याच्याही खऱ्या चारांतले एक लपलेले. हे काम डोळ्यांना थोडे जड जाते, पण शाळेतली पोरे भिंगाखाली पटकन मोजतात, असा आमचा अनुभव आहे. म्हाताऱ्या मंडळींनी हे काम नातवंडांवर सोपवावे.

सर्वांत जास्त घोटाळा हुमणीशी होतो, म्हणून त्याविषयी सविस्तर सांगतो. हुमणीने ज्याचा फड वाळवला आहे त्याला भुंगेरा म्हटले की धडकी भरते, आणि ते साहजिक आहे. त्यात दोघेही मातीतून निघतात आणि दोघेही पावसाबरोबरच निघतात. पण हुमणीचा भुंगेरा बोटाच्या पेराएवढा, विटकरी-तपकिरी, अंगावर एकही रेघ नाही. तो तिन्हीसांजेला बाहेर पडतो, बाभळीवर, कडुनिंबावर बसून पाला खातो आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतो. भर दुपारी उघड्यावर गवताच्या शेंड्याला बसलेला किडा हुमणीचा नव्हे, एवढी एकच खूण बहुतेक वेळा पुरेशी होते.

घोटाळा अळीच्या वेळीही होतो. मेक्सिकन भुंगेऱ्याची मादी गाजर गवताच्या पानांवर, बहुधा खालच्या अंगाला, सुटी किंवा चार-पाचाच्या जुडग्यात फिकट पिवळी ते नारिंगी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी शेंड्याच्या कोंबात शिरते आणि कोवळा डोळाच खाते. आमच्या दृष्टीने तिचे मोठे काम हेच, कारण कोंब गेला की फूल नाही आणि फूल नाही की बी नाही. मोठी झाली की पानांवर येते. रंग आधी पिवळा, पुढे सायीसारखा पांढरट. दहा ते पंधरा दिवस खाऊन ती मातीत उतरते, तेथे कोष करते आणि साधारण आठ-दहा दिवसांनी भुंगेरा होऊन वर येते. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत एक पिढी महिन्याच्या आत-बाहेर पुरी होते. आता बांध खोदताना कोणाला हा पांढरट कोष सापडला की "हुमणी, हुमणी" अशी ओरड होते. हुमणीची अळी चंद्रकोरीसारखी वाकलेली, डोके तपकिरी, पुढच्या बाजूला तीन पायजोड्या स्पष्ट, आणि ती सापडते उसाच्या बुडाशी, मुळ्यांत. कोषाला चालता येत नाही, डिवचला तर नुसता वळवळतो. तो सापडतो गाजर गवताच्या बुडाशी, आणि त्या अवस्थेत तो काही खात नाही.

दुसरा घोटाळा वांग्यावरच्या ठिपक्यांच्या किड्याशी. तो ढालकिड्यांच्या कुळातला असूनही मावा सोडून पाला खाणारा निघाला. चांगल्या घरातला वाया गेलेला म्हणा! वांगी, बटाटा, कारली यांच्या पानांची नुसती जाळी करतो. त्याच्या पाठीवर काळे ठिपके असतात, रेघा नसतात, आणि अंगावर बारीक लव असल्याने चकाकी नसते. त्याची अळी काटेरी असते. मावा खाणारे खरे ढालकिडे मात्र चकचकीत असतात आणि ते माव्याच्या वसाहतीतच सापडतात.

तिसरे एक नाव फक्त माहितीसाठी देतो. अमेरिका व युरोपात बटाट्याचे अतोनात नुकसान करणारा कोलोरॅडो भुंगेरा पानभुंगेऱ्यांच्याच कुळातला, आपल्या मेक्सिकन भुंगेऱ्याचा अगदी जवळचा चुलतभाऊ. पुस्तकातले चित्र पाहून आमच्या एका शिकलेल्या सभासदांनी हाच तो, असे ठासून सांगितले होते. पण तो आकाराने जवळजवळ दुप्पट, त्याच्या पाठीवर दहा काळ्या रेघा, आणि त्या सरळ, सरी काढल्यासारख्या. शिवाय तो आपल्या देशात नाही.

ज्यांचा भिंगावर विश्वास नाही त्यांच्यासाठी घरगुती परीक्षा. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात सात-आठ भुंगेरे ठेवा. एका अंगाला उसाचे कोवळे पान, दुसऱ्या अंगाला गाजर गवताची फांदी. रात्रभर डबा सावलीत ठेवा. सकाळी गाजर गवताची पाने कुरतडलेली आणि उसाचे पान जसेच्या तसे दिसेल. मेक्सिकन भुंगेरा उसावर दिसतो तो बांधावरचा पाला संपल्यावर नवी जागा शोधताना. रस्त्याच्या कडेला माणूस बसला म्हणून तो रस्ता खातो असे होत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे व ती सूर्यफूल घेणाऱ्या सभासदांची आहे. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच वनस्पतिकुळातले. १९९१ मध्ये कर्नाटकात हा भुंगेरा सूर्यफुलावर दिसल्याने मोठा गोंधळ उडाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली, केंद्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अभ्यासात असे आढळले, की शेजारच्या गाजर गवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते आणि त्या वासाला भुलून भुंगेऱ्यांनी ती पाने कुरतडली होती. सूर्यफूल हे त्याचे खरे अन्न नव्हे. आमचे सांगणे एवढेच, की सूर्यफुलाच्या कडेचे गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटून टाकावे, म्हणजे परागही नाही आणि भुंगेराही नाही.

मित्रकिडा ओळखल्याने काय होते हे आपल्या सभासदांना नव्याने सांगायला नको. २००२ मध्ये राज्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा पहिल्या धांदलीत जो तो पंप घेऊन धावत होता. पुढे डिफा नावाची मावा खाणारी अळी ओळखू येऊ लागली, तशी तीच मंडळी अळ्या असलेली पाने कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊ लागली.

या भुंगेऱ्याकडून अवास्तव अपेक्षाही नको. काही ठिकाणी त्याचे भाषणांतून इतके गोडवे गायले गेले, की खुरपे मोडीत काढावे असे वाटावे. तसे नाही. तो कामाला लागतो पावसाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. थंडी सुरू झाली की मातीत शिरून निजतो आणि पुढच्या वर्षीच्या पावसालाच जागा होतो. पाटाच्या ओलीवर हिवाळ्यात व उन्हाळ्यात जे गाजर गवत वाढते त्याला तो कामाचा नाही. ते हातानेच, फुलाआधी, मुळासकट काढावे लागते. फडातले गवत तर नेहमीच्या खुरपणीतच गेले पाहिजे. भुंगेऱ्याची जागा बांध, पाटाची कड, रस्त्याच्या बाजू आणि पडीक तुकडे.

ज्यांच्या बांधावर गाजर गवत आहे पण भुंगेरा नाही, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये जेथे तो भरपूर असेल तेथून सकाळच्या वेळी गोळा करावा. पाच-पंचवीस सोडून काही होत नाही, काही शेकड्यांनी सोडावा. लहान-मोठे मिसळून घ्यावेत म्हणजे नर-मादी दोन्ही येतात. डब्याला भोके व आत गाजर गवताचा पाला असावा, डबा उन्हात ठेवू नये. सोडायची जागा अशी निवडावी, की तेथे महिना-दीड महिना कोणी फवारणी करणार नाही आणि बांध छाटणार नाही. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्याच सुमारास गोळा करणे सोयीचे पडते, कारण तोवर किड्याची एक-दोन पिढ्यांची वाढ झालेली असते.

ओळखीबद्दल शंका असल्यास फवारणीपूर्वी नमुना गट कार्यालयात आणावा. नुसता किडा आणू नये, तो ज्या झाडावर बसला होता त्याची फांदीही आणावी आणि तो दिवसा दिसला की दिवेलागणीला, ते सांगावे. किडा काडेपेटीत चिरडून येतो, म्हणून लहान डबी वापरावी. मेलेला चालेल, पण मिशा आणि पाय शाबूत पाहिजेत.